यंत्रातला पाद्री आणि आत्याची दोनशे चौदा पानं

काशोझी, बुकोबा
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप प्रोजेस्टस दादांच्या सेवेशी,

धाकटा भाऊ एवोडियस याचा आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे हल्ली टेकत नाहीत आणि टेकलेच तर परत उठत नाहीत, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. भाव टेकलेलाच समजावा.) आपली प्रकृती, वहिनींची कंबर, मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान आणि तळ्यापलीकडच्या म्वान्झाची हवा ही सगळी ठीक असावीत अशी आशा करतो. आपण या घरी आलात त्याला अकरा वर्षं झाली, त्यामुळे आशा करण्यापलीकडे मला काही कळायला मार्ग नाही. इकडे सर्व क्षेम. केळी बऱ्या आहेत, कॉफीला बहर चांगला आहे. आपली भावजय कोकुशुबिला अजून माझ्यावर रागावण्याइतकी तंदुरुस्त आहे. आत्या अठ्ठ्याऐंशीची झाली. डोळे जाऊन वीस वर्षं होत आली, पण खोलीत कोण आलं, कुठे उभं राहिलं आणि काय लपवून उभं राहिलं, हे ती अजून आमच्याआधी सांगते. खाणं मात्र वाढलंय. बीन्स घातलेल्या उकडलेल्या केळ्यांचं ताट संपवून "आज जेवण झालंच नाही" असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते.

आता मूळ विषय. दादा, गेल्या मंगळवारी या घरात जे घडलं ते मी स्वतः पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता. आपल्याला ठाऊक आहेच, मी उगाच थक्क होणारा माणूस नाही. एकतीस वर्षं बुकोबाच्या विमानतळावर पाऊस मोजला. आपल्या समुद्राएवढ्या तळ्यावरून काळाकभिन्न ढग छातीवर आला तरी मी आधी घड्याळ बघायचो आणि मग वहीत लिहायचो. पण मंगळवारपासून मी थक्क आहे, ते अजून उतरलेलं नाही.

घरात एक कॉम्प्युटर आहे हे आपल्याला कदाचित माहीत नसेल. निवृत्त झाल्यावर घेतला, एका शाळेने काढून टाकलेला. (शाळेने का काढला हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.) सहा वर्षांपूर्वी आत्या म्हणाली, "मी मेले की तुमचं सगळं कूळ माझ्याबरोबर पुरलं जाईल. लिहून घे." तेव्हापासून रोज सकाळी ती पुढच्या खोलीत जमिनीवर पसरलेल्या गवतावर चटई टाकून बसते, तोंडात कॉफीची वाळवलेली बी धरते आणि सांगते, मी टेबलाशी बसून दोन बोटांनी टाइप करतो. कोण कुठून आलं, कुणी कुणाची बाग लावली, कुणाचं कुणाशी का बोलणं नाही. अशी दोनशे चौदा पानं झाली. ईस्टरला सगळं कूळ जमणार, तेव्हा त्याचं पुस्तक वाटायचं ठरलंय. ही पानं त्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि आणखी कुठेही नव्हती. (नक्कल का काढून ठेवली नाही हे कृपा करून विचारू नका. कोकुशुबिलाने विचारून झालंय.)

तर हा कॉम्प्युटर दोन महिने रोज सकाळी मला अदबीने विचारायचा की आपल्यासाठी एक नवी सुधारणा आली आहे, आत्ता करू की नंतर? मी रोज म्हणायचो नंतर. चांगलं चाललेलं असताना सुधारायचं कशाला, हे माझं सरकारी नोकरीत तयार झालेलं मत. पण कोकुशुबिला मागून जाताना रोज ते बघायची आणि मंगळवारी तिला त्याची दया आली. "अहो, बिचारा किती दिवस दारात उभा आहे, त्याला एकदा हो तरी म्हणा," म्हणाली. मी 'आत्ता'वर दाबलं.

स्क्रीन निळी झाली. मध्ये ठिपक्यांचं एक कडं गोल गोल फिरायला लागलं आणि खाली लिहून आलं की काम चालू आहे, बंद करू नका. सत्तावीस टक्क्यांवर ते थांबलं. आम्ही तिघंही समोर बसलो. आत्याला मी दर दहा मिनिटांनी सांगत होतो, "सत्तावीस." तिने एकदा विचारलं, "काय सत्तावीस?" मी म्हटलं, "टक्के." तिने विचारलं, "कशाचे?" आणि दादा, मी पुन्हा म्हटलं, "सत्तावीस." शेवटी एकदम शंभर झाले, यंत्र एकदा विझलं, परत पेटलं, आणि समोर आलं एक अनोळखी तळं. आपलं तळं नव्हे. निळंशार, मागे बर्फाचे डोंगर, काठाला एक बोट, बोटीत कुणी नाही. त्या चित्रावर एका कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं इवलंसं चित्र, आणि बाकी काहीही नाही. आत्याची पानं नाहीत, माझी पावसाची कोष्टकं नाहीत, कोकुशुबिलाने ठेवलेली भजनंही नाहीत. वर पुन्हा मला नमस्कार करून विचारतोय की आपलं नाव काय? ज्या यंत्रासमोर मी सहा वर्षं बसलो, त्याने मला माझं नाव विचारावं!

मी आत्याला सांगणार नव्हतो, पण तिने माझा श्वास ऐकला. "गेलं का?" म्हणाली. मी म्हटलं, "सापडेल." ती म्हणाली, "गेलं तर गेलं. मी आहे ना? पुन्हा सांगेन." यावर कोकुशुबिलाने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. सांगायला सहा वर्षं लागली होती, दादा. अठ्ठ्याऐंशीत सहा मिळवून दोघांनीही मनात बेरीज केली आणि दोघांनीही ती एकमेकांना सांगितली नाही.

मग मी उपाय सुरू केले. आधी बंद करून चालू केला. मग बंद करून थोडा वेळ थांबून चालू केला. कोकुशुबिलाच्या सल्ल्यावरून त्याच्यावर ओला फडका ठेवून पाहिला (डोकं तापलं असेल म्हणून) आणि तिच्याच सल्ल्यावरून घाईघाईने काढला. नंतर मी माझी जुनी निरीक्षण-वही काढली आणि रीतसर पद्धतीने निघालो. एकेक बटण दाबायचं, वेळ लिहायची, परिणाम लिहायचा. वही समोर आहे, त्यातलंच उतरवतो. नऊ वाजून दहा, वरच्या ओळीतलं पाचवं बटण: स्क्रीन लुकलुकली, बाकी शांत. नऊ बारा, सातवं बटण: काही नाही. नऊ पंधरा, अकरावं बटण: कडा नाहीशा झाल्या, भीती वाटली, परत दाबलं, कडा आल्या. नऊ चाळीस, दोन बटणं एकत्र: तळं आडवं झालं. मान वाकडी करून पाहिलं, मग कोकुशुबिला आणि मी मिळून स्क्रीनच आडवी ठेवली. नऊ पंचावन्न: तळं परत सरळ झालं, स्क्रीन आडवीच. दहा चाळीस: तीन बटणं एकत्र, कुठली ते नक्की सांगता येत नाही, कारण पुढच्या क्षणी जे झालं त्याने पेन्सिल हातातून पडली.

यंत्र बोललं.

मोठ्या, स्वच्छ, पुरुषी आवाजात. कोकुशुबिला बीन्स निवडत होती, सूप तिच्या मांडीवरून सटकलं आणि बीन्स सगळ्या गवतभर झाल्या. आणि पहिला शब्द काय उच्चारला असेल त्याने या घरात येऊन? "कचरापेटी." मी घाबरून माऊस हलवला, पुन्हा म्हणाला, "कचरापेटी. एकपैकी एक." कोकुशुबिला उभी राहिली. म्हणाली, "मी आज सकाळी दोनदा झाडलंय, त्याला सांगा!" मी जिथे बोट नेईन ते नाव तो घ्यायचा. मी हात मागे घेतला तर गप्प, पुढे केला की सुरू. मी वहीत लिहिलं, दहा त्रेचाळीस: बोलतो. पुढच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. तो अजून कोरा आहे.

आणि आत्या? आत्याने पदर सावरला, डोक्यावरचं फडकं नीट केलं, तोंडातली बी हातात काढून घेतली आणि दबक्या आवाजात मला म्हणाली, "फादर कॉर्नेलिस कधी आले? आणि मला सांगितलं नाहीस?" हे फादर कॉर्नेलिस कोण, असा आपल्याला प्रश्न पडेल, कारण ते आपल्या जन्माआधीच वारले. आत्या सात वर्षांची असताना मिशनमध्ये तिला प्रार्थना शिकवणारे गोरे पाद्री. ते आपली भाषा जन्मभर अशीच बोलत, म्हणे. प्रत्येक शब्द नाकातून काढून, भलत्याच जागी जोर देऊन. मी सांगितलं, "आत्या, हा कॉम्प्युटर आहे." ती म्हणाली, "असेल. पण शिकलाय फादर कॉर्नेलिसांकडेच."

आता हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे हे मी मान्य केलं आणि बाजारात जाऊन मामा इमेल्डाला घेऊन आलो. मामा इमेल्डा म्हणजे कॉफीच्या सहकारी संस्थेत पूर्वी टायपिस्ट होती ती, जिला सगळं गाव आदराने 'मामा', म्हणजे आई, म्हणतं. आता तिचं बाजाराच्या कोपऱ्यावर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आणि पंचक्रोशीतले सगळे बिघडलेले कॉम्प्युटर तिच्याकडे जातात. बाई देहाने भरभक्कम, घाई कशाची म्हणून नाही. येताना वाटेत तिने तीन घरी चौकशा केल्या, एका बाळाचं नाव विचारलं, एका बाईला तिच्या चुलीबद्दल सल्ला दिला, आणि मी मागे छत्री घेऊन उकळत होतो. आमच्या घरी येऊन तिने आत्याला गुडघे टेकून नमस्कार केला (तिचे टेकतात), समोर ठेवलेल्या टोपलीतल्या कॉफीच्या बिया मूठभर घेतल्या, आडवी स्क्रीन उभी केली आणि यंत्राकडे बघत बसली. नुसती बघत. तो काहीतरी बोलला, ती म्हणाली, "हं." जसं सासू नव्या सुनेचं ऐकून घेते तसं.

त्या आधी मी एक गोष्ट शोधून ठेवली होती. एका पानावर लिहिलं होतं की काही अडचण आल्यास यंत्र 'नव्याने सुरू करा', सर्व काही ठीक होईल. मी म्हटलं, "मामा, एवढं एक बटण दाबून बघतो," आणि हात पुढे केला. दादा, त्या बाईने माझ्या हातावर अशी चापट मारली की तशी मला आपल्या आईनेही मारली नव्हती. "ते दाबलंस तर आत्याच्या आजोबांपासून सगळे साफ होतील," म्हणाली. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. अजूनही त्या बटणाच्या जवळून जाताना मी माऊस लांबून वळवतो.

मग तिने रोग सांगितला. तो मी समजलो तसा सांगतो. सुधारणा करताना यंत्राची स्मृती कुठेतरी ठेचकाळली आणि त्याने मला ओळखलंच नाही. पण माणूस समोर बसलाय म्हटल्यावर त्याला हाकलायचं कसं? म्हणून त्याने मला पाहुणा समजून पाहुण्यांच्या खोलीत गादी घालून दिली. ते तळं, ती रिकामी बोट, ती पाहुण्यांची खोली. "तुझी स्वतःची खोली आत आहे तशीच आहे," मामा इमेल्डा म्हणाली. "कुलूप लागलंय एवढंच. तू सकाळपासून पाहुण्यांच्या खोलीत बसून 'माझं घर लुटलं' म्हणून ओरडतोयस." आणि ती एकामागून एक कपाटं उघडत आत निघाली. प्रत्येक कपाट उघडलं की फादर कॉर्नेलिस त्याचं नाव पुकारत होते. शेवटी एका कपाटावर माझं नाव होतं. एवोडियस. तो आवाज माझं नाव घेताना 'डि'वर इतका जोर देत होता की मला क्षणभर वाटलं आपण काहीतरी गुन्हा केलाय. तिने ते उघडलं. सगळं तिथेच होतं. कोष्टकं, भजनं, आणि दोनशे चौदा पानं. मी रडलो नाही. कोकुशुबिला रडली, आणि मी तिला समजावताना जरा चेहरा पुसला.

मामा इमेल्डा म्हणाली, "पानं सगळी आहेत का बघते आणि मग या बडबड्याला गप्प करते." ती एकेक ओळ खाली सरकायला लागली आणि तो एकेक ओळ वाचायला लागला. एकेकटा शब्द कळायचा, पण आता सलग वाक्यं, आपल्या भाषेत आणि त्या उच्चारात. मला काही कळेना. कोकुशुबिलाला कळेना. मामा इमेल्डा म्हणाली, "हा कोंबडीच्या घशात अडकलेल्या दाण्यासारखं बोलतोय." पण आत्या हळूहळू पुढे सरकली. चटईवरून गवतावर, गवतावरून टेबलाच्या पायाशी. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले. घरात तिला एकटीलाच ते कळत होतं, कारण असल्या उच्चारात तिने आख्खं धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांचं पुस्तक पाठ केलं होतं. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही, वीस वर्षं अक्षर दिसतही नाही, तिला तिची स्वतःची गोष्ट कुणीतरी परत सांगत होतं. मामा इमेल्डाने गप्प करायचं बटण दाबायला बोट नेलं तशी आत्या म्हणाली, "हात लावशील तर बघ."

इथपर्यंत सगळं स्वर्गीय होतं. यानंतर तो बाविसाव्या पानावर आला.

बाविसाव्या पानावर आजोबा र्वेगासिरा आणि पाणघोडा यांची हकीकत आहे. पाणघोडा तळ्यातून वर आला, बागेत शिरला, आणि आजोबांनी भाला घेऊन त्याला पाण्यापर्यंत हाकललं, असं तो वाचत होता. आत्या म्हणाली, "थांब." मामा इमेल्डा थांबली. "पुन्हा." त्याने पुन्हा वाचलं. आत्याने माझ्या दिशेने तोंड वळवलं. "मी भाला म्हटलं होतं?" मी वही चाळायला लागलो. "मी म्हटलं होतं की बाप फणसावर चढला आणि दुपारपर्यंत उतरला नाही. पाणघोड्याला हाकललं माझ्या आईने, कढईवर पळी वाजवून. सांगितलं होतं की नाही?" मी म्हटलं, "आत्या, कुळाचं पुस्तक आहे, कर्ता पुरुष फणसावर बरा दिसत नाही." मामा इमेल्डा इतकी हसली की टेबल हललं आणि फादर कॉर्नेलिस मध्येच दुसरीकडे जाऊन "कचरापेटी" म्हणाले.

मला वाटलं होतं की मी लिहून घेतोय. तसं नव्हतं. दोनशे चौदा पानांतला शब्द न् शब्द तिच्या डोक्यात जागेवर होता, आणि कुठे मी एक शब्द हलवलाय, कुठे दोन वगळलेत, ते ती शेतकरणीने पेरणीतली मोकळी जागा दाखवावी तसं दाखवत गेली. मी एकतीस वर्षांत पावसाचा एक मिलिमीटर इकडचा तिकडे केला नाही आणि माणसांच्या बाबतीत एकोणीस ठिकाणी केला होता. चांगल्या हेतूनेच. कुणाची दारू कमी केली, कुणाचं लग्न एक वर्ष अलीकडे आणलं म्हणजे मूल वेळेवर झालेलं दिसावं.

एकसष्टाव्या पानावर तिचं स्वतःचं होतं. मी लिहिलं होतं की आत्या लग्नानंतर काही वर्षांनी आईवडिलांच्या सेवेसाठी माहेरी परत आली. तो ते वाचून थांबला. आत्या हळू आवाजात म्हणाली, "मी कुदळ खांद्यावर टाकून आले होते. दोन दिवस चालत. नवरा मारायचा म्हणून आले. वाटेत पाय सुजले तेव्हा नदीत बुडवून बसले आणि पुन्हा चालायला लागले. मागे वळून एकदाही बघितलं नाही. हे मी तुला सांगितलं होतं ना एवोडियस?" मी म्हटलं, "हो." "मग? आयुष्यात मी केलेलं एवढं एकच मोठं काम होतं. तू ते माझ्या नावावरून काढून घेतलंस आणि सेवा दिलीस." दादा, त्या वेळी मी पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या पायांकडे नीट पाहिलं. लहानपणापासून रोज बघतोय. वाटलं, आपण आयुष्यभर एका डोंगराच्या पायथ्याशी राहिलो आणि त्याला बसायचा दगड समजलो.

मामा इमेल्डाने दुसऱ्या दिवशी येऊन मला माझ्या खोलीची किल्ली परत मिळवून दिली, म्हणजे यंत्र मला आता ओळखतं. पानांच्या दोन नकला काढल्या, एक तिच्या दुकानात, एक मिशनमध्ये. आवाज तसाच चालू आहे. आत्याचा हुकूम आहे की पुस्तकातलं प्रत्येक पान फादर कॉर्नेलिसांनी वाचून दाखवल्याशिवाय आणि तिने मान हलवल्याशिवाय छापायचं नाही. आजोबा फणसावर आहेत. कुदळ खांद्यावर आहे. माझी एकोणीसपैकी अठरा पापं धुऊन झाली. आणि मी, ज्याला यंत्र गप्प करायचं होतं, तो रोज सकाळी आत्याच्या आधी येऊन ते चालू करून बसतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चूकभूल माफ असावी.

आपला आज्ञाधारक,
एवोडियस

ता. क. मला वाटलं होतं की हे पत्र टाइप करताना आत्या डुलकी घेतेय. ती घेत नव्हती. मी टाइप करतो तो प्रत्येक शब्द यंत्र मोठ्याने म्हणतं हे मी विसरलो होतो. आत्याने पुढील दुरुस्त्या सांगितल्या आहेत: ती जेवणाबद्दल असं कधीच म्हणत नाही. मामा इमेल्डा भरभक्कम नाही, ती नीट खाल्लेली बाई आहे. कोकुशुबिला रडली त्याच्या आधी मी रडलो. आणि तिने विचारलंय की एकोणिसावं पाप या पत्रात कुठे आहे? ते लिहिल्याशिवाय पत्र पाकिटात जाणार नाही.

दुसरा ता. क. इथून पुढे मी अरे-तुरे करतो. कारण हे 'आपल्याला' सांगता येणार नाही, तुला सांगता येईल.

दादा, बाबा गेले तेव्हा तळं खवळलेलं होतं, तुझी बोट अडकली आणि तू मातीच्या दुसऱ्या दिवशी पोचलास. बागेत, कबरीपाशी उभा राहून तू मला विचारलंस, "त्यांनी माझं नाव काढलं का?" मी म्हटलं, शेवटी त्यांची वाचा गेली होती, कुणाचंच काढलं नाही. तू मान हलवलीस, संध्याकाळच्या बोटीने गेलास आणि परत आला नाहीस. लोक समजतात की आम्ही तुझ्यासाठी माती थांबवली नाही म्हणून तू रागावलास. मीही तसंच समजायचो, कारण तसं समजणं सोपं होतं.

त्यांनी नाव काढलं होतं. तीनदा. "प्रोजो आला का?" आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "दार लावू नका, तो पाण्यावर आहे." मी चार महिने त्यांना धुतलं होतं, भरवलं होतं, कूस बदलून दिली होती. मी तिथे उशाशी बसलो होतो, आणि ते दाराकडे बघत होते. एवढंच कारण. दुसरं मी अकरा वर्षं शोधतोय, सापडलेलं नाही. आत्याने हे मला गेल्या वर्षी पुस्तकात लिहायला सांगितलं, तिला वाटत होतं तुला तेव्हाच कळलंय. मी टाइप केलं: शेवटी त्यांची वाचा गेली होती. मंगळवारी तो पाद्री हे वाक्य वाचून पुढे गेला. आत्याने त्याला थांबवलं नाही, हात वर केला नाही. नुसती म्हणाली, "बोलले होते. तीनदा." कोकुशुबिलाने ते ऐकलं. मामा इमेल्डा उठून बाहेर पावसात जाऊन उभी राहिली.

ते पान आत्या मला एकट्याला लिहू देत नाही. म्हणते, ज्याचं आहे त्याच्यासमोर सांगेन. तेव्हा ईस्टरला ये. सकाळच्या बोटीला मी धक्क्यावर उभा असेन. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही, सामान माझ्याकडे दे आणि पुढे चाल. रागवायचं असेल तर घरी येऊन रागाव, इथे जागा आहे.

तिसरा ता. क. आत्याला सही करायची आहे. तिने विचारलं, प्रोजोचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं ते बटण कुठे आहे? मी तिचं बोट धरून त्याच्यावर ठेवलं. आता काढ म्हणतोय, पण ती काढत नाहीये.

पपपपपपपपपपपपपपपपपपपपपपपपपपपपपप